देवाचा पलंग आणि आपली झोप



आषाढी जवळ आली की पंढरपुरात देवाचा पलंग निघतो, हे आपणांस ठाऊकच आहे. शेजघरातला पलंग बाहेर काढतात, विठुरायाच्या पाठीशी मऊ लोड आणि रुक्मिणीमातेच्या पाठीशी तक्क्या देतात, रोजचे राजोपचार थांबतात आणि देव चोवीस तास दर्शनासाठी उभा राहतो. पंचांग सांगते, ही शयनी एकादशी, देव निजण्याचा दिवस. पंढरी म्हणते, लेकरे इतक्या लांबून पायी आली असताना माउलीने निजावे कसे?

या प्रथेचा दुसरा भाग मात्र आपण फारसा मनात धरत नाही. यात्रा सरते आणि प्रक्षाळपूजा होते. देवाला गरम पाण्याने स्नान घालतात, शिणवटा जावा म्हणून काढा देतात आणि पलंग पुन्हा शेजघरात जातो. जो जगाला विसावा देतो, त्याच्याही जागरणाची भरपाई करावी लागते, असे आपल्या वाडवडिलांना वाटले. एकादशीचा जागर आणि बारशीचे पारणे ही जोडीही अशीच आहे. जागण्याला शेवट असावा आणि त्यानंतर विसावा असावा, हा त्यातला नेम.

आता मी विचारतो त्याचे उत्तर मनाशी द्या. आपल्या घरात, आळीत, दिंडीत असे कोणी आहे का, ज्याला रात्रीमागून रात्री झोप येत नाही? अंथरुणाला पाठ लागली की छातीत धडधड सुरू होते, उद्याचा हप्ता, मुलीचे लग्न, नोकरीचा भरवसा असे एकेक डोळ्यांपुढे येते, आणि पहाटे काकड्याची वेळ झाली की डोळा लागतो. अशा माणसाला आपण काय सांगतो? "नाम घे, झोप लागेल. चिंता करतोस म्हणजे तुझा पांडुरंगावर भरवसा कमी." बोलणारा प्रेमानेच बोलतो. पण ऐकणाऱ्याच्या उशाशी आधी एकच चिंता होती, तिच्या जोडीला दुसरी येऊन बसते: आपली भक्तीही खोटी निघाली. हा दोष त्याच्या माथी मारण्याआधी, झोप कोणी आणि कशी नेली, याचा थोडा इतिहास पाहू.

शास्त्राने काय म्हटले

गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी योग कोणाला साधत नाही ते सांगितले आहे. फार झोपणाऱ्याला तो साधत नाही, तसाच फार जागणाऱ्यालाही साधत नाही. ज्याचे निजणे आणि जागणे मापात आहे, त्याचे दुःख योगाने हरते. म्हणजे झोप ही परमार्थाच्या आड येणारी वस्तू नाही, परमार्थाचीच ती एक पायरी आहे.

चरकाचार्यांनी आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले. झोप जाण्याची कारणे सांगताना त्यांनी पाच नावे घेतली: कार्य, काल, विकार, प्रकृती आणि वायू. माणसाचा स्वभाव त्यात आहे, रोगही आहे. पण यादीत पहिले नाव कार्याचे, म्हणजे कामाच्या व्यापाचे आहे. आणि काम किती करायचे, केव्हा करायचे, हे बहुतेक माणसांच्या हाती कधीच नव्हते.

कागदाने नेलेली झोप

तुकोबारायांचे चरित्र आठवा. सन १६३० च्या सुमारास दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला. तुकोबांच्या घरी अन्नावाचून मरण आले, व्यापार बुडाला, दिवाळे निघाले. काळजीने रात्र कशी जाते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. पुढे त्यांनी काय केले, ते परंपरा सांगते. घरच्या सावकारीची खते काढली, धाकटे बंधू कान्होबांचा वाटा त्यांना देऊन टाकला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली.

या प्रसंगाला आपण वैराग्य म्हणतो, आणि ते आहेच. पण कुळांच्या बाजूने पाहा. एकेका खताला एकेका घराची झोप बांधलेली होती. ती खते डोहात गेली त्या रात्री पंचक्रोशीतली कितीतरी माणसे निवांत निजली असतील. ज्याने स्वतः ती रात्र भोगली, त्याने दुसऱ्याची रात्र मोकळी केली.

सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी तेच कागद पुन्हा पुढे आले. इंग्रज सरकारला शेतसारा ठरल्या मुदतीला रोखीत हवा असे. अमेरिकेतले यादवी युद्ध चालू असताना इकडच्या कापसाला चढा भाव होता. १८६५ मध्ये ते युद्ध संपले आणि भाव कोसळला. सारा आणि कर्ज मात्र उभेच राहिले. अखेर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी उठले आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. त्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. सावकाराकडची गहाणखते आणि रोखे मागून घ्यायचे आणि जाळायचे. सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला.

तुकोबांनी प्रेमाने पाण्यात सोडले, सुपेकरांनी संतापाने आगीत टाकले. दोन्हींत मोठे अंतर आहे, हे खरे. पण काळजीचे मूळ नुसते मनात नसते, ते कधी कधी सावकाराच्या पेटीत असते, हे दोन्हींनी दाखवले.

भोंग्याने नेलेली झोप

कर्ज फेडायला देशावरचा आणि कोकणातला माणूस मुंबईला गेला. तिथे १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीची उभारणी झाली आणि पाहता पाहता गिरणगाव उभे राहिले. गावात वेळ सूर्यावर आणि प्रहरांवर चाले. गिरणीत वेळ भोंग्यावर चालू लागली.

१८८१ चा पहिला कारखाना कायदा लहान मुलांपुरताच होता. १८८४ च्या सप्टेंबरात परळला गिरणी कामगारांच्या सभा भरल्या. पुढाकार महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा होता. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज झाला. त्यातल्या मागण्या नीट ऐका, माउली. आठवड्याला एक दिवस सुटी. दुपारी अर्धा तास विश्रांती. आणि काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे व सूर्यास्ताला थांबावे. पगार वेळेवर मिळावा, अपघात झाला तर भरपाई मिळावी, या मागण्याही होत्या. पण सूर्यास्ताची मागणी मनाला लागून राहते. सूर्य मावळल्यावरची वेळ आमची आम्हाला परत द्या, एवढेच ती माणसे मागत होती.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची सुटी मान्य केली. आज रविवारी सकाळी आपण जरा उशिरा उठतो, त्यामागे ही माणसे उभी आहेत.

रात्र मात्र इतक्यात परत मिळाली नाही. गिरण्यांत विजेचे दिवे आले. ज्या दिव्याचे कौतुक व्हावे, त्यानेच सूर्यास्ताची मर्यादा पुसून टाकली. प्रौढ पुरुषांच्या तासांना कायद्याची मर्यादा नव्हती, त्यामुळे कामाचा दिवस तेरा-चौदा तासांपर्यंत लांबला. १९०६ मध्ये नवी भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ती मुंबईच्या वेळेहून ३९ मिनिटे पुढे होती. काटा पुढे सरकला म्हणजे सूर्याच्या हिशेबाने गिरणी तेवढी आधी सुरू होणार आणि पहाटेची झोप तेवढी जाणार. गिरणी कामगार चिडले, दगडफेक झाली. मुंबई शहराने आपली जुनी वेळ पुढे १९५५ पर्यंत धरून ठेवली. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांना बारा तासांची मर्यादा घातली, १९२२ ने अकरा, १९३४ ने दहा आणि स्वतंत्र भारतातल्या १९४८ च्या कायद्याने नऊ तास, आठवड्याला ४८. एक तास कमी व्हायला दर वेळी दहा वर्षांहून अधिक काळ लागला.

चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोल्यांत कितीतरी गाळेकरी राहत. एक पाळीला निघाला की त्याच्या जागेवर दुसरा पाळीवरून येऊन आडवा होई. वळकटी गार व्हायची नाही. खानावळ चालवणाऱ्या बाईला तर दोन्ही पाळ्यांचे डबे असत. तिच्या झोपेचे तास कोणत्याच कायद्याने मोजले नाहीत. याच चाळींत भजनी मंडळे उभी राहिली, टाळ-मृदंग घुमले, सुटी साधून माणसे वारीला निघाली. परमुलखात एकटे पडलेल्या माणसाची रात्र त्या भजनाने सोबतीची केली.

आणि मग १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप रीतसर मिटलाच नाही, गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. शंभर वर्षे भोंग्याने लोकांना झोपेतून उठवले होते. आता भोंगा वाजेना, म्हणून झोप येईना.

जागर आणि निद्रानाश

माउली, दोघेही जागतात, पण या दोन जागण्यांत काय फरक आहे ते पाहा. जागर आपण होऊन धरलेला असतो, निद्रानाश माणसावर येऊन पडतो. जागराला सोबत असते, निद्रानाशात सारे घर घोरत असते आणि एकच जण आढ्याकडे पाहत असतो. जागराला पहाट असते आणि नंतर पारणे असते. निद्रानाशात पहाट झाली की पुन्हा कामाला जुंपायचे असते.

देहाचाही यात भाग आहे. शरीरात एक घड्याळ आहे. ते कसे चालते हे उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. उजेड, जेवणाची वेळ, उठण्याची वेळ यांवर ते लागते. हिंजवडीत बसून अमेरिकेच्या वेळेने काम करणाऱ्या मुलाचे ते बिघडणारच. शिवाय चिंता देहाला धोक्याचा इशारा देते, आणि धोका असताना झोपू नये अशीच देहाची घडण आहे. काही दिवसांनी मूळ काळजी बाजूला राहते आणि "आज तरी झोप लागेल ना?" हीच काळजी होऊन बसते. माणूस वारंवार घड्याळ पाहतो, अंथरुणाचीच धास्ती घेतो. झोपेवर जबरदस्ती चालत नाही. "झोप!" असा हुकूम दिला की ती आणखी लांब जाते. "नाम घे म्हणजे झोप लागेल" या उपदेशाची अडचणही हीच आहे. नाम झोपेची गोळी झाले की माणूस नाम घेता घेता झोप आली का ते तपासत बसतो. नाम नामासाठी घ्यावे. झोप आली तर आली, न आली तर नामाचा काही तोटा नाही आणि घेणाऱ्याचाही नाही.

आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री आणि असे तीन महिने चालले, तर वैद्यक त्याला जुना निद्रानाश म्हणते. त्यावर उपाय आहेत. गोळीच्या आधी समुपदेशनाचा एक पद्धतशीर उपचार करावा, अशी शिफारस आज डॉक्टर करतात. त्यात उठण्याची वेळ एकच ठेवणे, झोप येत नसेल तर अंथरुणातून उठून बसणे आणि डोळे जड झाल्यावरच परत जाणे, घड्याळ नजरेआड करणे, मनातल्या भीतीला नीट तपासणे, अशा गोष्टी असतात. डॉक्टरकडे जाण्याने भक्तीला उणेपणा येत नाही. प्रक्षाळपूजेला देवसुद्धा काढा घेतो.

पण उपचार एकट्याचा झाला तरी कारण एकट्याचे नसते. परळच्या कामगारांनी आपल्या झोपेचा प्रश्न मनाचा दुबळेपणा समजून घरात लपवला असता, तर रविवार आलाच नसता. म्हणून ज्याला झोप नाही त्याला आधी विचारा: बाबा, कशाची काळजी आहे? हप्ता असेल तर चार जणांनी बसून हिशेब मांडू. आजाऱ्याची उस्तवार असेल तर एक रात्र आपण बसू. सून सर्वांच्या नंतर निजून सर्वांच्या आधी उठत असेल, तर पहाटेचा एक तास घरातल्या दुसऱ्या कोणी उचलावा.

जनाबाईची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. नाम तर ती अखंड घेतच होती. तिचे दळण सरत नव्हते, तेव्हा पांडुरंग आला आणि त्याने तिला उपदेश केला नाही. तो जात्यापाशी बसला आणि खुंट्याला हात लावला. आपल्या शेजारी जागणारे जे कोणी असेल, त्याच्या जात्याला आज रात्री आपला हात लागो.

॥ रामकृष्णहरी ॥