मिलिटरीला दोन दारं आहेत, आपण एकाच दाराशी रांग लावतो



दहावीचा निकाल लागला की आपल्या जुन्नर-आंबेगावात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "पोराला मिलिटरीत घालायचंय." म्हणजे नेमकं काय, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, भरती. पहाटे उठून पळायचं, सोळाशे मीटरचं टायमिंग काढायचं आणि वयात बसलं की मेळाव्याला जायचं. यात कमीपणा काहीच नाही. जवानाचा मान आपल्या गावांनी कायम राखलाय. पण मिलिटरीला दुसरंही दार आहे, लेफ्टनंटचं. ते नुसत्या मैदानावरून उघडत नाही, त्याचा रस्ता शाळा-कॉलेजातून जातो. ते दार आपल्या घरातल्या बोलण्यात का येत नाही, याला मोठा इतिहास आहे. पोस्ट लांब आहे, पण अकरावीचा अर्ज भरायच्या आधी वाचा.

इंग्रजांच्या फौजेत हिंदी माणसाची मजल सुभेदार-मेजरपर्यंत. त्याच्या वर फक्त गोरा साहेब. तीस वर्षं लढाया केलेल्या सुभेदारानं विलायतेतून कालच आलेल्या विशीतल्या पोराला सॅल्यूट ठोकायचा, अशी ती रचना.  शिपायाच्या रांगेत कुणाला घ्यायचं हेसुद्धा सरकार ठरवायचं. ज्या महार शिपायांच्या जोरावर कंपनी सरकार लढलं, त्यांची भरती १८९० च्या दशकात बंद केली. ती परत सुरू व्हावी म्हणून पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली अर्ज केला. महार रेजिमेंट उभी राहायला मात्र १९४१ साल उजाडलं.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि सरकारला माणसं हवी झाली. तेव्हा पुण्यात टिळकांनी रोखठोक भूमिका घेतली, शिपाई देतो, पण आमच्या पोरांना अधिकाऱ्याच्या जागाही द्या. १९१८ साली त्यांनी गांधीजींकडे ५०,००० रुपयांचा चेक पाठवला. तुम्ही सरकारकडून कमिशनचं वचन मिळवा, मी महाराष्ट्रातून ५,००० माणसं भरती करून देतो, नाही जमलं तर हे पैसे जप्त, अशी ती पैज होती. मदत सौदा करून द्यायची नसते, असं गांधीजींचं मत होतं. त्यांनी चेक परत केला. दोघांत कोण बरोबर हा वाद बाजूला ठेवा. पण टिळकांना एक गोष्ट पक्की दिसली होती. नुसते शिपाई देत राहिलो तर हुकूम कायम दुसऱ्याचाच चालणार.

त्याच वर्षी सरकारनं इंग्लंडच्या सँडहर्स्ट कॉलेजात हिंदी मुलांसाठी वर्षाला १० जागा ठेवल्या. साऱ्या देशाला मिळून दहा! खर्च इतका की संस्थानिक, सरदार आणि श्रीमंतांच्याच पोरांना परवडावा. कोल्हापूरकडचे एस. पी. पी. थोरात १९२६ साली तिथून बाहेर पडले आणि पुढे लेफ्टनंट जनरल झाले. पण असे किती जण असणार?

यावर १९२५ साली स्कीन समिती नेमली. मोतीलाल नेहरू आणि जीना दोघंही तिच्यावर होते. हिंदुस्थानातच असं कॉलेज काढा, ही समितीची मोठी शिफारस. त्यातून १९३२ साली डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकॅडमी सुरू झाली. पहिल्या तुकडीत ४० जण. त्यातल्या १५ जागा खुल्या परीक्षेनं, १५ फौजेतल्या जवानांमधून आणि १० संस्थानांच्या फौजांमधून. खुल्या परीक्षेचा अर्थ समजून घ्या. घराणं नाही, ओळख नाही, पेपर सोडवा आणि आत या. अधिकारी होणं शिक्षणाशी जोडलं गेलं ते इथून. त्याच पहिल्या तुकडीत सॅम माणेकशा होते.

मग दुसरं महायुद्ध. १९४१ साली पूर्व आफ्रिकेत केरेनच्या डोंगरावर मराठा पलटणी लढल्या. त्या मोहिमेत हिंदी सैनिकांनी जे रक्त सांडलं, त्याची आठवण म्हणून सुदान सरकारनं एक लाख पौंड दिले. फाळणीनंतर त्यातले ७०,००० पौंड भारताच्या वाट्याला आले. त्या पैशातून काय उभं राहिलं माहीत आहे? खडकवासल्याच्या एनडीएची मुख्य इमारत. तिचं नावच सुदान ब्लॉक आहे. म्हणजे जवानांच्या बलिदानाच्या पैशातून अधिकारी घडवणारं कॉलेज उभं राहिलं, तेही आपल्याच जिल्ह्यात. शिवनेरीपासून शंभरेक किलोमीटरवर. पायाभरणी १९४९ ला, रीतसर उद्घाटन जानेवारी १९५५ ला.

पुढं दारं एकेक करून उघडत गेली. १९४८ ला एनसीसी आली. १९६१ ला देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्यात निघाली, यशवंतराव चव्हाण तेव्हा मुख्यमंत्री होते. तरी एनडीएत मराठी पोरं कमीच पडायची, म्हणून राज्य सरकारनं १९७७ साली औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. लोक तिला एसपीआय म्हणतात. १९९२ पासून मुलींना अधिकारी म्हणून घेऊ लागले. २०२१ ला सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं एनडीएची परीक्षाही मुलींना खुली झाली. मुलींसाठी वेगळी एसपीआय नाशिकला सुरू झाली आणि मे २०२५ मध्ये एनडीएतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली.

आता सरकारी दार बऱ्यापैकी उघडं आहे. अडतं ते आपल्या माहितीपाशी. पालक कॉलेज निवडतात ते एसटी कुठली मिळते आणि चुलतभाऊ कुठं शिकतो यावर. त्यात पोराचे दोन-तीन रस्ते नकळत बंद होतात. म्हणून सरळ सांगतो.

पहिला रस्ता, बारावीनंतर एनडीए. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. आर्मीसाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते, म्हणजे आर्ट्स-कॉमर्सवालेसुद्धा. नेव्ही आणि एअर फोर्ससाठी मात्र सायन्स आणि गणित लागतंच. आणि शाखा कुठलीही असो, परीक्षेत ३०० मार्कांचा गणिताचा पेपर सगळ्यांनाच आहे. त्यामुळं "गणित अवघड जातं, सोडून टाक" हा अकरावीतला सल्ला महागात पडतो. एसपीआयची प्रवेश परीक्षा तर दहावीत असतानाच द्यावी लागते. निकालानंतर चौकशी केली तर वेळ गेलेली असते.

दुसरा रस्ता, ग्रॅज्युएशननंतर सीडीएस. आयएमए डेहराडूनसाठी कुठलीही पदवी चालते. चेन्नईच्या ओटीएसाठीही कुठलीही पदवी चालते, आणि तिथल्या परीक्षेत गणिताचा पेपरच नाही. इंग्रजी आणि सामान्य ज्ञान, बस. मुलींनाही हा रस्ता खुला आहे. बीए करणाऱ्या किती पोरापोरींना हे कुणी सांगितलंय?

तिसरा रस्ता एनसीसीचा. 'सी' सर्टिफिकेट किमान बी ग्रेडनं आणि पदवीला ५० टक्के असतील, तर एनसीसी स्पेशल एन्ट्रीला लेखी परीक्षा माफ. अर्जातून निवड झाली की थेट एसएसबी मुलाखत. पण 'सी' सर्टिफिकेटला कॉलेजची तीन वर्षं लागतात, म्हणजे एफवायलाच नाव नोंदवावं लागतं. दुसऱ्या वर्षी जाग आली तर गणित चुकलं.

म्हणून जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव, कुठल्याही कॉलेजात प्रवेश घेताना ऑफिसात दोन प्रश्न विचारा. एनसीसी आहे का आणि जागा किती? अकरावीला गणित कोण शिकवतं, तास होतात का? कॅन्टीन आणि गॅदरिंगचं नंतर बघू.

कुणी म्हणेल, भरती लवकर होते, घरात पैसा येतो, पाच वर्षं शिकत कोण बसणार? प्रश्न खरा आहे. कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या घराला तो विचारण्याचा हक्क आहे. पण २०२२ पासून भरती अग्निवीर म्हणून चार वर्षांची आहे आणि त्यातले २५ टक्क्यांपर्यंतच कायम होतात. त्यामुळं भरती म्हणजे जन्माची नोकरी हा जुना हिशोब आता तसाच धरून चालत नाही. उलट एनडीएत सगळं शिक्षण सरकारी खर्चानं होतं आणि वर जेएनयूची पदवी मिळते. सीडीएसला यश नाही आलं तरी हातात डिग्री राहते. शिवाय जवान म्हणून गेलेल्यालाही पुढचा रस्ता आहे. डेहराडूनचं आर्मी कॅडेट कॉलेज नोकरीतल्या जवानांसाठीच आहे. परमवीर चक्र मिळालेले कारवारचे रामा राघोबा राणे १९४० साली शिपाई म्हणून भरती झाले होते. १९४८ ला नौशेरा-राजौरीच्या रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढताना ते सेकंड लेफ्टनंट होते.

अडचण आहे ती इंग्रजीची. एनडीएचे पेपर हिंदी-इंग्रजीत असतात आणि एसएसबीला पाच दिवस चारचौघांत बोलावं लागतं, तेही बहुतेक इंग्रजीत. मराठी शाळेतलं पोर तिथं बिचकतं. पण त्याला उत्तर एका महिन्याचा क्लास नाही. अकरावीपासून रोज पेपर वाचणं, वर्गात उभं राहून बोलणं, हाच उपाय आहे. त्याला पैसा लागत नाही, शिक्षक लागतो.

आपल्या दोन्ही तालुक्यांतल्या निवृत्त फौजी मंडळींना आणि शिक्षकांना हात जोडून विनंती आहे. १५ ऑगस्टला शाळेत झेंडावंदनाला जाताच. त्या दिवशी नववी-दहावीच्या वर्गात पंधरा मिनिटं थांबा आणि हे तीन रस्ते फळ्यावर लिहून द्या. ज्या दारासाठी टिळकांनी ५०,००० पणाला लावले, ते आज आपल्या पोरांना एका परीक्षेच्या अर्जावर मिळतंय. निदान ते कुठं आहे एवढं तरी त्यांना कळू द्या.

दहावी-बारावीच्या पालकांच्या ग्रुपवर ही पोस्ट जरूर टाका. वयाच्या आणि अर्जाच्या तारखा दरवर्षी बदलतात, त्या यूपीएससीच्या जाहिरातीत स्वतः बघून घ्या.

जय शिवराय!