आमच्या रस्त्यावरून गेलेलं शीतयुद्ध

मावला हे आदिलाबाद शहराला अगदी चिकटलेलं गाव. नागपूर–हैदराबाद हमरस्ता आमच्या जवळूनच जातो. घरात मराठी, बाजारात तेलुगू, आणि जुन्या माणसांची उर्दू अजूनही कानावर पडते. मुलांच्या पुस्तकात शीतयुद्धाचा धडा येतो तेव्हा त्यात बर्लिन असतं, क्यूबा असतो, व्हिएतनाम असतं. अमेरिका आणि रशिया भांडत होते, नेहरूंनी आपल्याला अलिप्त ठेवलं, आपला काय संबंध, अशी आपली समजूत. मला ती पटत नाही. 1951 हे एकच साल घेतलं तरी हे भांडण आमच्या मुलखात कसं शिरलं होतं ते दिसतं.

आधी थोडं मागे जायला हवं. निजामाच्या राज्यात तेलंगणाच्या गावोगाव देशमुखांची सत्ता होती. जमीन त्यांची, आणि वेठबिगारही त्यांचीच. पालकुर्तीची ऐलम्मा ही परीट समाजातली बाई. तिने कसलेल्या शेतावर विसनूरच्या देशमुखाने हक्क सांगितला. ती हटली नाही. संघमच्या कार्यकर्त्यांनी तिच्या बाजूने उभं राहून पीक कापलं आणि तिच्या घरात आणून टाकलं. 1946 पासून ही आग नलगोंडा, वरंगल, खम्मम भागात पसरली आणि तिचं सशस्त्र लढ्यात रूपांतर झालं. कम्युनिस्ट पक्षाच्याच आकड्यांप्रमाणे सुमारे तीन हजार गावं आणि दहा लाख एकर जमीन या लढ्याखाली आली होती. सप्टेंबर 1948 मध्ये भारतीय फौजा आल्या, निजामाचं राज्य संपलं, तरी लढा थांबला नाही. आता समोर आपलंच सरकार होतं.

पुढे काय करायचं, हे ठरेना. पक्षात दोन तट पडले. कोणी म्हणे रशियाचा मार्ग, कोणी म्हणे चीनचा. शेवटी फेब्रुवारी 1951 मध्ये अजय घोष, श्रीपाद अमृत डांगे, राजेश्वर राव आणि बसवपुन्नय्या हे चौघे गुपचूप मॉस्कोला गेले आणि थेट स्टालिनला भेटले. स्टालिनचं म्हणणं असं पडलं की चीनच्या क्रांतिकारकांच्या पाठीशी रशियाची सरहद्द होती, तुमच्या पाठीशी तसं काहीच नाही. चीनची नक्कल तुम्हाला जमणार नाही. ऑक्टोबरमध्ये लढा मागे घेतला गेला.

सल्ला शहाणपणाचाच होता, असं मलाही वाटतं. पण नलगोंड्याच्या शेतातल्या प्रश्नाचं उत्तर आणायला मॉस्कोला जावं लागलं, हे मात्र घशाखाली उतरत नाही. आणि गेलेल्या चौघांत बाई एकही नव्हती. लढ्यात बायका काय थोड्या होत्या? त्यांनी निरोप पोचवले, दलांना जेवण पुरवलं, मल्लू स्वराज्यमसारख्यांनी बंदूकही चालवली. स्त्री शक्ती संघटनेने पुढे या बायकांना गाठून त्यांचं बोलणं नोंदवलं. ‘मनकु तेलियनि मन चरित्र’, म्हणजे आपल्याला ठाऊक नसलेला आपला इतिहास, हे ते तेलुगू पुस्तक. त्यातली एक बाई सांगते, जंगलात राहताना तिला आपलं तान्हं मूल दुसऱ्याच्या हाती देऊन टाकावं लागलं. लढा संपल्यावर पक्षाने आम्हाला ‘घरी जा’ म्हटलं, हा सल तर अनेकींच्या बोलण्यात आहे. वर धोरण बदललं. पण ज्या घरातून त्या निघून आल्या होत्या, तिथे परत कुठल्या तोंडाने जायचं, याचा विचार कोणी केला नव्हता.

हे चौघे मॉस्कोला जाऊन आले, त्याच्या पुढच्याच महिन्यात विनोबा वर्ध्याहून पायी निघाले. शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होतं. सुमारे तीनशे मैलांची वाट, आणि ती आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातूनच गेली. संमेलनानंतर त्यांनी हैदराबादच्या तुरुंगात जाऊन कम्युनिस्ट कैद्यांची भेट घेतली आणि मग तेलंगणाच्या आत शिरले. 18 एप्रिलला पोचमपल्लीत दलितांच्या चाळीस कुटुंबांनी ऐंशी एकर जमीन मागितली. विनोबांनी सभेत विचारलं, गावात कोणी देणारा आहे का? वेदिरे रामचंद्र रेड्डी उठले आणि म्हणाले, शंभर एकर देतो. पुढच्या काही आठवड्यांत बारा हजार एकरांवर दान जमलं. अपरिग्रह हा शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. तो शब्द सातबाऱ्यावर लिहून मागणारा माणूस मात्र विरळा.

आता गंमत बघा. अमेरिकेने या विनोबांना लगेच आपल्या खात्यात टाकलं. मे 1953 मध्ये ‘टाइम’ मासिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचं चित्र आलं. साम्यवादावरचा उतारा म्हणून तिकडे त्यांचं कौतुक होऊ लागलं. विनोबा तर कैद्यांना भेटून आलेले, त्यांचं दुःख खरं आहे म्हणणारे. पण दोन महासत्तांकडे दोनच खाती होती, आणि जो येईल तो यात नाही तर त्यात जमा व्हायचा. अनेकान्ताच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे विशेष खटकायला हवं.

धान्याचंही तेच. 1950 च्या अखेरीस आपण अमेरिकेकडे वीस लाख टन धान्य मागितलं. कोरियाच्या युद्धात नेहरू आपल्या बाजूने बोलत नाहीत म्हणून तिथल्या संसदेत काही महिने काथ्याकूट चालला. तेवढ्यात रशियाने पन्नास हजार टन गहू देऊ केला. जूनमध्ये अखेर अमेरिकेचं एकोणीस कोटी डॉलरचं कर्ज मंजूर झालं. पुढे 1956 मध्ये पीएल 480 चा करार झाला आणि अमेरिकेचा गहू आपल्या घराघरात शिरला. 1966 या एका सालात सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आलं. तेही राष्ट्राध्यक्ष जॉन्सन महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडायचे, कारण भारत व्हिएतनामवर टीका करत होता. त्याआधी 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी लोकांना सोमवारी एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं होतं. उपवास आपल्याला नवा नाही. पण तो आपण आपल्या मनाने धरलेला असतो.

इथे मला एक गोष्ट नीट सांगायची आहे. आमच्या जिल्ह्यातली जमिनीची भूक ना मॉस्कोने आणली होती, ना पेकिंगने. कोमरम भीम या गोंड तरुणाने जंगल खात्याच्या जुलमाविरुद्ध माणसं उभी केली आणि 1940 मध्ये जोडेघाटला पोलिसांच्या गोळ्यांनी तो मेला. तेव्हा शीतयुद्धाचं नावही नव्हतं. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना गोंडांमध्ये पाठवलं. ते मारलवाईला राहिले. गोंड-कोलामांच्या जमिनी बाहेरून आलेल्या शेतकरी-सावकारांच्या हाती कशा गेल्या, हे त्यांनी लिहून ठेवलंय. त्या आलेल्यांत मराठी बोलणारे होते, पेढीवाले होते. आपण वाचणाऱ्यांनी हे पान गाळू नये.

मग 1964 मध्ये पक्ष फुटला. 1967 मध्ये नक्षलबारी झाली, 1969 मध्ये आणखी एक पक्ष निघाला. रशिया-चीनचं बिनसल्याचा धक्का बंगालपासून इथपर्यंत पोचला. 20 एप्रिल 1981, सोमवार, बाजाराचा दिवस. मावल्याहून तासाभराच्या वाटेवर इंद्रवेल्लीला गोंड आपल्या जमिनीच्या पट्ट्यांसाठी सभेला जमत होते. सभा भरवणारी संघटना नक्षलवादी गटाची होती, एवढं कारण पुरलं. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारने मृतांचा आकडा 13 सांगितला; लोक आजही तो मानत नाहीत, कितीतरी जास्त सांगतात. पट्टा मागणारा गोंड नक्षलवादी म्हणून नोंदला गेला.

25 डिसेंबर 1991 ला मॉस्कोच्या क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरला. एक महासत्ता संपली, भांडण संपलं, असं जगाने जाहीर केलं. इंद्रवेल्लीच्या स्तूपापाशी मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं 20 एप्रिल आला की जमावबंदी लागायची. घरातली माणसं गमावलेल्या बायकांना तिथे फुलं वाहायची तर पोलिसांच्या रांगेतून वाट काढावी लागे.