पेशी की प्रथिन?

‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या ५ डिसेंबर १९८५ च्या अंकात स्टीव्हन रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांचा अहवाल आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत, नेहमीचे उपचार थकलेले २५ रुग्ण. त्यांपैकी ११ जणांच्या गाठी निम्म्याहून अधिक आक्रसल्या. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या तर पूर्ण नाहीशा झाल्या.

अहवाल नीट वाचला की लक्षात येते, उपचार दुहेरी होता. रुग्णाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या, इंटरल्युकिन-२ मध्ये वाढवून मारक बनवायच्या आणि पुन्हा शिरेतून सोडायच्या. एकेकाला किमान १,८०० कोटी पेशी. जोडीला इंटरल्युकिन-२ ही द्यायचे. हे प्रथिन म्हणजे टी-पेशींना, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या एका प्रकाराला, ‘वाढा’ असा निरोप देणारा रेणू. १९७६ मध्ये रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेने तो टी-पेशी वाढवणारा घटक म्हणून नोंदवला. १९८३ मध्ये जपानच्या तादात्सुगू तानिगुची यांनी त्याचे जनुक वेगळे केले आणि तो हवा तेवढा बनवता येऊ लागला.

मग गुण कशाचा? १९८५ चा अहवाल याचे उत्तर देऊच शकत नाही, कारण त्यात दोन्ही एकत्रच दिले होते. माझ्या मते म्हणूनच त्याच चमूचा १९८७ चा अहवाल अधिक मोलाचा आहे. त्यात १५७ रुग्ण आहेत आणि ४९ जणांना पेशींविना नुसते इंटरल्युकिन दिलेले आहे. त्यांच्यातही काहींच्या गाठी विरल्या. पण १५७ पैकी चौघे उपचारानेच दगावल्याचे त्यातच स्पष्ट लिहिले आहे. या प्रथिनाने केशवाहिन्या पाझरू लागतात, पाणी ऊतींत साचते, वजन भराभर चढते आणि रक्तदाब कोसळतो. दर आठ तासांनी दिल्या जाणाऱ्या मात्रा त्यामुळे मध्येच थांबवाव्या लागत. हे आकडे बाजूला ठेवून या उपचाराची कहाणी सांगणे म्हणजे त्या रुग्णांवर अन्याय आहे.

१९९२ मध्ये अमेरिकेत, शरीरात इतरत्र पसरलेल्या मूत्रपिंड-कर्करोगासाठी मान्यता मिळाली ती प्रथिनाला, पेशींना नाही. पुढच्या वर्षी १८१ रुग्णांच्या यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष छापून आले. पेशींची भर घातल्याने आयुष्य वाढते, असे एकंदरीत सिद्ध झाले नाही. फक्त मेलानोमात तसा थोडा कल दिसला.

हे प्रथिन दिलेल्या, मूत्रपिंड-कर्करोगाच्या २५५ रुग्णांचा एकत्रित हिशेब १९९५ मध्ये आला: १४ टक्क्यांना प्रतिसाद, ४ टक्के उपचाराने मृत. गाठी पूर्ण विरलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांचा आजार तोवर परतलेला नव्हता.