रणगाड्यांतील अदृश्य शत्रु

इ. स. १९१६ च्या सप्टेंबरच्या १५ तारखेस फ्रान्समधील सोमच्या रणभूमीवर ब्रिटिश रणगाडे प्रथमच लढाईंत उतरले. आंत आठ माणसें आणि धगधगतें इंजिन एकाच पोलादी कोठडींत! श्रोत्यांनीं कल्पनाच करावी. इंजिनांतून झिरपणारा कार्बन मोनॉक्साइड वायु दिसत नाहीं, त्यास वासहि नाहीं. रक्तांत शिरून तो प्राणवायूची जागा बळकावतो. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञानें खाणींतील मृत्यूंवरून हा धोका १८९६ मध्येंच उघड केला होता. तरी १९१८ च्या ‘मार्क पांच’ रणगाड्यांत हवा खेळण्याची व्यवस्था पूर्वीहूनहि वाईट निघाली. शत्रूची गोळी न लागतांच माणसें बेशुद्ध पडत! ‘मार्क आठ’मध्यें इंजिन व सैनिक यांच्यामध्यें अखेर एक आडभिंत घातली गेली. उपाय तो एवढाच. परंतु हा रणगाडा रणांगणावर पोंचण्यापूर्वीच महायुद्ध संपलें.