माशांच्या खाद्यात प्रोटीन किती हवं? मोबाईलवर करा हिशोब

धरमतर खाडीच्या काठावर, पेण-रोह्याच्या बाजूला, चिवणी आणि शिंगाळा हे मिशीवाले मासे सगळ्यांच्या ओळखीचे. पण तळ्यात खाद्य घालून वाढवतात तो मिशीवाला मासा म्हणजे पंगस. तो पाळणारे मित्र मला नेहमी विचारतात, "२८ टक्के प्रोटीनची गोणी घेऊ की ३२ ची?" मी सॉफ्टवेअरवाला, पण हा प्रश्न आकड्यांचाच आहे. चला, बघूया.

जास्त प्रोटीन म्हणजे जास्त वाढ?

एका मर्यादेपर्यंत हो. प्रोटीन कमी पडलं तर वाढ मंदावते. गरजेपेक्षा जास्त दिलं तर मासा ते ऊर्जेसाठी जाळतो आणि त्यातला नायट्रोजन कल्ल्यांतून अमोनिया होऊन पाण्यात जातो. म्हणजे महागडं खाद्य वाया आणि वर पाणीही खराब. लहान पिल्लांना प्रोटीन जास्त लागतं, साधारण ३२ टक्के किंवा वर. मासा मोठा झाला की २८ किंवा त्याहून कमीही चालतं.

गोणीवरचा आकडा काय सांगतो?

'क्रूड प्रोटीन' म्हणजे खाद्यातला नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणलेला आकडा. प्रोटीन चांगलं की निकृष्ट, हे त्यातून कळत नाही. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळून हीच चाचणी फसवली होती. त्यामुळे फक्त टक्के बघून खाद्य घेऊ नका.

खरा आकडा: एफसीआर

एफसीआर = घातलेलं खाद्य ÷ माशांचं वाढलेलं वजन. त्याला खाद्याच्या भावाने गुणलं की एक किलो वाढीचा खर्च मिळतो. समजा:

- ३२ टक्के: भाव ५० रुपये, एफसीआर १.५, खर्च ७५ रुपये
- २८ टक्के: भाव ४४ रुपये, एफसीआर १.६, खर्च ७०.४० रुपये

एका टनामागे ४,६०० रुपये वाचले! पण २८ टक्केवाल्याचा एफसीआर १.८ झाला, तर खर्च ७९.२० रुपये, म्हणजे स्वस्त गोणीच महाग पडली. मत्स्यपालनात निम्म्याहून जास्त खर्च खाद्यावरच होतो, म्हणून हा हिशोब महत्त्वाचा.

मोबाईलवर कसं करायचं?

१. गूगल शीट्समध्ये तारीख, घातलेलं खाद्य, खाद्याचा भाव आणि माशांचं सरासरी वजन असे चार कॉलम करा.
२. दर १५ दिवसांनी पाग टाकून ३० मासे वजन करा, सरासरी काढा.
३. सरासरीला जिवंत माशांच्या अंदाजे संख्येने गुणा. मागच्या वेळेपेक्षा जितकं जास्त, तितकी वाढ.

दोन गोष्टी लक्षात ठेवा

- पंगस गोड्या पाण्यातला मासा आहे. खारभूमीजवळ तळं असेल तर उन्हाळ्यात पाणी किती खारं होतं ते आधी तपासा.
- थाई मांगूर पाळू नका, भारतात २००० पासून त्याच्यावर बंदी आहे.

आता गोणी घेताना दुकानदाराला टक्के विचाराच, पण निर्णय तुमच्या शीटमधल्या खर्चाच्या आकड्यावर घ्या.