भंगारातला ट्रॅक्टर

दिवाळीची झाडलोट सुरू झाली, की आमच्या घरी एक तंटा ठरलेला. माळ्यावरची मोडक्या वस्तूंची पेटी भंगारवाल्याला द्यावी, असे मंडळींचे म्हणणे. आणि ‘असू दे, कधीतरी उपयोगी पडेल’ हे माझे पालुपद. यंदा मी थेट स्वीडन देशाची साक्ष काढली.

त्या देशात 1930 साली ‘एपा’ नावाची दुकाने निघाली. ठरावीक अल्प किमतींत सारा माल. गोरगरिबांची सोय झाली. पण ‘एपा’ म्हणजे हलका माल, असा कुचेष्टेचा अर्थही त्या नावाला चिकटला.

तिथल्या लहान शेतकऱ्याला कारखान्यातला ट्रॅक्टर परवडत नव्हता. त्यात 1939 साली महायुद्ध पेटले. स्वीडन त्यात उतरला नाही, तरी टंचाईची झळ लागलीच. ट्रॅक्टर मिळेनासे झाले. मग शेतकऱ्यांनी जुन्या मोटारी आणि मालट्रक खोलले. सांगाडा कापून आखूड केला, मागे ट्रकचा दणकट आस बसवला. खरी युक्ती पुढेच आहे: एका गिअरपेटीला त्यांनी दुसरी जोडली. पहिलीने वेग तिसऱ्या हिश्शावर आणला आणि दुसरीनेही तेच केले, तर चाक नवव्या हिश्शाच्या गतीने फिरते. पण ओढ जवळजवळ नऊपट होते. रस्त्यावर धावणारी मोटार अशी नांगराला जुंपली गेली. लोकांनी तिचे नाव ठेवले, ‘एपा-ट्रॅक्टर’!

सरकारने 1940 साली नियम करून या संकराला ट्रॅक्टर म्हणून मान्यता दिली. युद्ध संपले, कारखान्यांचे ट्रॅक्टर आले. एपाचे काम तिथेच संपायचे. पण खेड्यातल्या पोरांच्या ध्यानात आले, की मोटार चालवायला अठरा वर्षे भरावी लागतात, ट्रॅक्टरला त्याहून कमी. बापाचा नांगऱ्या पोराचे वाहन झाला. सरकारने 1975 साली नव्या एपांची नोंदणी थांबवून ‘ए-ट्रॅक्टर’ हा नवा वर्ग केला. आज पंधरा वर्षांची मुलेमुली मागे लाल त्रिकोण लावून ताशी 30 किलोमीटरच्या मर्यादेत ही वाहने हाकतात. 2023 पासून त्यांत प्रत्येकाला आसन व पट्टा सक्तीचा झाला.

‘एपा’ दुकानांची नावे 1970 नंतरच्या दशकात पुसली गेली. चेष्टेने दिलेले नाव मात्र त्या गाडीला आजही आहे, आणि पोरे ते अभिमानाने घेतात. गरिबीत केलेल्या जोडकामाची लाज त्यांना वाटत नाही, हे मला फार आवडले.

साक्ष ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, “छान! मग तुमच्या पेटीतून ट्रॅक्टर कधी निघणार?”

उत्तर सुचले नाही. पेटी तूर्त माळ्यावरच आहे.