विधि, अर्थवाद आणि खेळाचे नियम

खेळाच्या नियमांचें पुस्तक हें वाङ्मय आहे काय, असा प्रश्न केल्यास पुष्कळ वाचक हंसतील. नियम पाळावयाचे असतात, वाचावयाचे नसतात, असें ते म्हणतील. परंतु गेल्या अर्धशतकांत पाश्चात्त्य देशांत असा एक खेळ निपजला आहे कीं, ज्याचें बहुतेक भांडवल नियमांच्या पुस्तकांतच सांठविलेलें आहे. त्या पुस्तकाची भाषा कशी असावी याविषयीं तेथें जो वाद माजला, त्याचें उत्तर कृष्णाकांठच्या शास्त्रीमंडळींस पूर्वींच ठाऊक होतें, असें माझें मत आहे.

प्रथम परिचयाचा खेळ घेऊं. सांगली हें बुद्धिबळाच्या नादासाठीं प्रसिद्ध असलेलें गांव. तेथील नूतन बुद्धिबळ मंडळ १९४१ सालीं स्थापन झालें. जुन्या देशी पद्धतींत प्यादें आरंभींही एकच घर चाले, आणि राजाला एकदां घोड्याप्रमाणें उडी घेतां येई. पाश्चात्त्य पद्धति याहून निराळी. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचें बुद्धिबळावरील पुस्तक १८१४ मध्यें मुंबईस निघालें, तेव्हां तें युरोपीय पद्धतीस अनुसरून आहे असा खुलासा मथळ्यांतच करावा लागला. पण एकदां पद्धति ठरली कीं शब्दांवरून तंटा नाहीं. ‘उंटानें तिरपें चालावें’ या वाक्यांत उंटाचा स्वभाव किंवा शौर्य यांविषयीं चकार शब्द नसतो. हें शुद्ध विधिवाक्य होय.

याच बुद्धिबळाचा विस्तार करून ब्रन्स्विकच्या हेलविग यानें १७८० मध्यें युद्धाचा एक मोठा पट रचला. १८२४ मध्यें राइसविट्झ या प्रशियन अधिकाऱ्यानें नकाशा, फांसे व पंच यांच्या साहाय्यानें खेळावयाचा रणखेळ प्रसिद्ध केला. पुढें नियमांचें ओझें फार झालें, तेव्हां १८७६ मध्यें व्हेर्डी द्यु व्हेर्नुआ या सेनानीनें पुष्कळसा निर्णय पंचाच्या अनुभवावरच सोंपविला. अमेरिकेंत १९७४ मध्यें गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं काढलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ याच वंशांतला. यांत प्रत्येक खेळाडू एखाद्या कल्पित वीराची, चेटक्याची वा चोराची भूमिका घेतो आणि सूत्रधार प्रसंग सांगतो. ‘मी दार फोडतों’ असें एकानें म्हटलें म्हणजे तें फुटलें कीं नाहीं, हें फांसे व नियम मिळून ठरवितात.

अशा खेळाच्या ग्रंथास दोन कामें करावीं लागतात. त्यानें कल्पनासृष्टि उभी करावयाची आणि तिचा कायदाही सांगावयाचा. ‘या गुहेंतील पिशाच्च सूर्यप्रकाशाला भितें’ हें वाक्य घ्या. त्याला उजेडांत आणिल्यास त्याचें बळ कमी धरावें, असा हा नियम आहे, कीं नुसतें वर्णन? खेळाडू म्हणेल नियम. सूत्रधार म्हणेल वर्णन. जेथें वाक्य संदिग्ध, तेथें ज्याचा आवाज मोठा त्याचा कायदा चालतो, आणि नवखा, भिडस्त मुलगा मागें पडतो. पहिल्या तीन पुस्तिकांत हें मिश्रण इतकें होतें कीं ठिकठिकाणीं निराळाच खेळ चालूं लागला. १९७९ च्या सूत्रधारासाठीं लिहिलेल्या ग्रंथांत गायगॅक्सनें एकसारखेपणाचा आग्रह धरला खरा, पण त्याची स्वतःची भाषा अलंकारप्रियच राहिली.

हाच प्रश्न आपल्या मीमांसकांपुढें होता. ऐश्वर्य इच्छिणाऱ्यानें वायूस श्वेत पशु अर्पावा, हा वेदांतील विधि. वायु ही अत्यंत वेगवान देवता आहे, हें त्यापुढील वाक्य. या दुसऱ्या वाक्यांत कांहींच करावयास सांगितलेलें नाहीं. मग तें व्यर्थ काय? जैमिनीचें उत्तर असें कीं, तो अर्थवाद होय. त्याला स्वतंत्र आज्ञेचें बळ नाहीं. परंतु विधीशीं एकवाक्यता पावून तो कर्त्याचें मन कर्माकडे वळवितो. या शास्त्राचा मीमांसाकोश सातारा जिल्ह्यांतील वाई येथें केवलानंद सरस्वती यांनीं सिद्ध केला; त्याचे सात खंड १९५२ पासून तेथील प्राज्ञपाठशाळेनें प्रसिद्ध केले.

आतां पुन्हा त्या खेळाकडे वळूं. २००८ च्या चौथ्या आवृत्तींत वीरांच्या करामतींचें वर्णन तिरप्या अक्षरांच्या एखाद्या ओळींत कोंडून विधि चौकटींत निराळे मांडण्यांत आले. काय करावयाचें तें एका दृष्टिक्षेपांत कळूं लागलें. पण ग्रंथ रुक्ष झाला, अशी अनेकांची तक्रार आली. २०१४ च्या पांचव्या आवृत्तींत सहज गद्य परत आलें, आणि विशेष नियम सामान्य नियमास बाधतो हें तत्त्व स्पष्टपणें नोंदविलें गेलें. आपले वैयाकरण त्यालाच उत्सर्ग व अपवाद म्हणतात.

म्हणजे सरमिसळही नको आणि फारकतही नको. दोहोंतील भेद ओळखावा, परंतु एकवाक्यता मोडूं नये. इंग्रजी नियमग्रंथांत नियम व वर्णन या दोहोंसही बहुधा साधा वर्तमानकाळच योजितात. त्यामुळें घोटाळा होतो. मराठीस विध्यर्थाचें रूप सिद्ध आहे. ‘पिशाच्च उजेडाला भितें, उजेडांत त्याचें बळ निम्में धरावें’ असें लिहिल्यास रस उरतो आणि आज्ञाही वेगळी दिसते. मराठींत असा ग्रंथ कोणी लिहावयास घेतल्यास त्यानें एवढी एक शिस्त पाळावी. मग गटांतील सर्वांत लहान मुलालाही सूत्रधारापुढें पुस्तक ठेवून ‘येथें धरावें असें आहे’ इतकें म्हणतां येईल. आणि सूत्रधारास तें ऐकावें लागेल.